पहिला थर घासताना बरगड्या वर आल्या, सीलर पण पांढरा पडला. हल (जहाजाचं बाहेरचं अंग) वाचेल का?

रंकाळाकाठचा_खलाशी

नमस्कार मंडळी. लाकडी जहाजाचं मॉडेल पहिल्यांदाच करतोय त्यामुळं प्रश्न येडचाप वाटला तर सांभाळून घ्या. मावसभावानं इंग्लंडहून येताना किट आणलं, एका डोलकाठीचं कटर (छोटं वेगवान जहाज) आहे, १७७० च्या दशकातलं, स्केल १:६४. प्लायचा कणा, त्याच्यावर आडव्या फ्रेमा आणि त्यावर पट्ट्यांचे दोन थर. पहिला थर लाइमवुडचा, पट्टी ५ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड, आणि वरचा थर अर्ध्या मिमीचा वॉलनट. दिवाळीत सुरू केलं आणि मे महिन्यात पहिला थर पुरा झाला, बायकोसुद्धा म्हणाली की आता जहाजासारखं दिसायला लागलंय. तिथंच थांबायला पायजे होतं.

पट्ट्यांच्या कडा वरखाली होत्या म्हणून घासायला घेतलं. ८० नंबरचा पॉलिश पेपर हातानं मारून मारून कंटाळलो, मग मेव्हण्याकडचा फर्निचर घासायचा इलेक्ट्रिक सँडर आणला. दहा मिनिटांत एकदम गुळगुळीत, मी खूश. रात्री ट्यूबखाली धरून बघतो तर उपाशी बैलाच्या बरगड्या दिसाव्यात तशा सगळ्या फ्रेमा बाहेर दिसायला लागल्यात आणि दोन फ्रेमांच्या मधी खोलगट. त्यात पुढच्या टोकाला उजव्या बाजूला लाकूड इतकं पातळ झालंय की डेक उचलून (डेक अजून चिकटवला नाही, नुसता टेकवलाय) आतनं मोबाईलचा टॉर्च लावला तर उजेड बाहेर दिसतोय. अंगठ्यानं दाबलं की पापडासारखं दबतंय.

खोलगट भागात फेविकॉल आणि भुसा कालवून भरला तर तो वाळून दगडासारखा झाला, आता घासलं की त्याच्या शेजारचं लाकूड जातंय आणि तो तसाच राहतोय. आणि वरच्या थरासाठी म्हणून उरलेल्या वॉलनटच्या तुकड्यावर एनसी सीलर (पॉलिशआधी मारायचा नायट्रोसेल्युलोजचा पारदर्शक हात) मारून बघितला, तो सकाळपर्यंत पांढरा धुरकट. इथं आठ दिवस झाले पाऊस थांबलेला नाही, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, त्याचा काय संबंध असेल का?

सगळं उचकटून परत पट्ट्या लावू का यातनं काही मार्ग निघतोय ते सांगा. उचकटायची तयारी आहे पण मन होईना.

ताराराणी_चौक

भावा पहिलं काम म्हणजे तो सँडर मेव्हण्याला परत देऊन ये आणि परत आणू नको. विषय हार्ड आहे पण संपलेला नाही. माझं पहिलं मॉडेल तर मी घासून आरपार भोक पाडलं होतं, तुझं अजून नुसता उजेडच येतोय. उचकटू नको, लाइमवुडच्या पट्ट्या फेविकॉलनं बसल्या की निघताना फ्रेमा घेऊन निघतात.

पॅटर्नवाले_काका

फोटो बघितले. मी जहाजं बनवत नाही पण ३४ वर्षं उद्यमनगरात लाकडी पॅटर्न (धातूच्या ओतकामाचे लाकडी नमुने) केलेत, पंपाच्या बॉडीपासनं गिअरबॉक्सपर्यंत, आणि वाकडी बाजू डोळ्याला सरळ वाटायला लावणं हेच आमचं काम होतं, त्यामुळं जरा बोलतो.

तू घासण्यात चुकलास ते नंतर, आधी त्याच्या अगोदर चुकलायस. फ्रेमेची कड पट्टीच्या वळणाप्रमाणं तिरकी तासून घ्यायला लागते. ती चौकोनीच राहिली की पट्टी फ्रेमेच्या एका धारेवर टेकते आणि तिथं उंचवटा तयार होतो. पट्ट्या लावताना तो कळत नाही. मग तू त्याच्यावर सँडर चालवलास. त्या सँडरला खाली मऊ गादी असते बघ, ती उंचवट्यावर चढते आणि खड्ड्यात उतरते, म्हणजे दोन्हीकडचं लाकूड सारखंच खाते. हाताला गुळगुळीत लागतं पण आकार होता तसाच वाकडा राहतो, नुसता पातळ होतो. बोटावर पेपर धरून घासलं तरी हेच होतंय.

उंचवटाच तेवढा घासला जायला पायजे असला तर पेपरच्या मागं न दबणारी वस्तू पायजे. जुनी प्लास्टिकची फूटपट्टी घे, वीतभर कापून, तिला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं १२० नंबरचा पेपर लाव. ती लांबीत वाकते म्हणून जहाजाच्या पोटाला धरून चालते पण फ्रेमांच्या मधल्या खड्ड्यात शिरत नाही. दोन्ही हातांनी दोन टोकं धरायची आणि पट्ट्यांना तिरकं, आधी एका तिरपीनं आणि मग उलट्या तिरपीनं. अजिबात जोर लावायचा नाही, पेपरला काम करू दे.

त्याच्या आधी एक कर. साधी पेन्सिल घे आणि अख्ख्या हलवर रेघोट्या मार, पोरानं भिंतीवर मारल्यासारख्या. मग आठ-दहा हात मारून थांब आणि बघ. जिथनं पेन्सिल गेली तो उंचवटा, जिथं राहिली तो खड्डा. आमच्याकडं नवीन पोरगं आलं की त्याला मी पहिले दोन महिने हेच करायला लावायचो, पेन्सिल मार, घास, बघ, परत पेन्सिल मार. कंटाळून पळून जायची पोरं, पण जी राहिली त्यांचा हात बसला.

आता खड्डे. फेविकॉल-भुशाचा लगदा लाइमवुडपेक्षा कडक होतोय, म्हणून तुझी ती गत झाली. तो कानशीच्या कडेनं जेवढा निघेल तेवढा काढ. खड्डा अर्ध्या मिमीपेक्षा खोल असला तर लाकडाला लाकूडच भरायचं. उरलेल्या पट्टीचा तुकडा घे, खड्ड्यावर पट्ट्यांच्याच दिशेनं चिकटव, रात्रभर राहू दे आणि सकाळी त्याच्या कडा शून्यावर येईपर्यंत घास. बारीक राहिलेल्या ठिकाणी लांबी (फटी भरायची पुट्टी) चालंल, पण लांबी म्हणजे शेवटचा हात, पोट भरायचं जेवण न्हवं. आणि लांबीत जवसाचं तेल असतंय, ती कच्ची असताना वर फेविकॉल धरत नाही, चांगली आठ दिवस वाळू दे.

पापड झालाय तिथं बाहेरनं काही करू नको. डेक सुटा आहे हे तुझं नशीब. आतनं सुती कापडाची पट्टी, जुन्या धोतराचं असलं तर उत्तम, फेविकॉलमध्ये भिजवून तिथं चिकटव, दोन थर, वाळलं की ढोलकीसारखं घट्ट होतंय. मग बाहेरनं फूटपट्टी.

दोन्ही बाजू सारख्या हायत का ते डोळ्यानं ठरवू नको, डोळा फसवतो. किटच्या नकाशावरनं प्रत्येक फ्रेमेचा आकार पुठ्ठ्यावर कापून घे, डाव्या बाजूला लाव, उलटा करून उजव्या बाजूला लाव. आम्ही तर वर मीटरमागं १० मिमी आकुंचन धरून पॅटर्न करायचो कारण ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसतं. तुझ्या जहाजाला तेवढी तरी भानगड नाही.

रंकाळाकाठचा_खलाशी

काका दंडवत. फ्रेमा तासायच्या असतात हे किटच्या कागदावर एका ओळीत लिहिलंय, आत्ता वाचलं. एक शंका, पहिल्या थराला शेवटी किती नंबरपर्यंत जायचं? मी ४०० पर्यंतचे पेपर आणून ठेवलेत.

पॅटर्नवाले_काका

१८० ला थांब. वर दुसरा थर चिकटवायचाय न्हवं, मग त्याला धरायला जरा खरखर पायजे. आरशासारखं करून काय उपयोग, झाकलंच जाणार. ते ४०० चे पेपर वॉलनटसाठी ठेव.

देवगडचो_पडाव

मी मूळचा देवगडचा, नोकरीमुळे दहा वर्षं कोल्हापुरात. काकांनी घासण्याचं सगळं सांगितलंय, मी दुसरंच विचारतो. कटर १७७० च्या दशकातलं म्हणतोस तर पाण्याखालचा भाग कसा दाखवणार आहेस? कारण इंग्लिश आरमारानं १७६१ मध्ये अलार्म नावाच्या जहाजाला पहिल्यांदा तांब्याचे पत्रे मारून बघितले, पण सरसकट सगळ्या ताफ्याला तांबं बसायला १७७९ उजाडावं लागलं. त्याआधी खालच्या अंगाला माशाचं तेल, राळ आणि गंधक यांचं पांढरट मिश्रण फासायचे, लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून वाचवायला. म्हणजे तुझं जहाज त्याच्या आधीचं असेल तर पाणरेषेच्या खाली सरळ मळकट पांढरा रंग येतो, आणि मग तिथं वॉलनट कशाला वाया घालवतोस? पहिल्याच थराला प्रायमर मारून रंगव आणि वॉलनट फक्त पाणरेषेच्या वर लाव. निम्मं काम वाचलं आणि इतिहासाला धरून पण झालं. फक्त वरचा थर जिथं संपतो तिथं अर्ध्या मिमीची पायरी राहील, ती रंग देण्याआधी लांबीनं सपाट करून घे.

प्रायमर पांढरा किंवा राखाडी पातळ मार. लाकडावर न दिसलेले सगळे दोष पहिल्या हातात नागडे होतात. घाबरू नको, ते दिसण्यासाठीच मारायचा.

अजून एक, पहिला थर गेलाच कामातनं तर सागवान लावू का असं तुझ्या मनात येईल, कारण इथं टिंबर मार्केटला तेच हाताला लागतं. खऱ्या जहाजाला सागवानासारखं लाकूड नाही, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं त्रिंकोमाली १८१७ मध्ये पाण्यात सोडलं ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. पण मॉडेलला ते चालत नाही. सागवानाच्या रेषा १:६४ मध्ये एवढ्या जाड दिसतात की एकेक फळी म्हणजे दरवाजाची चौकट वाटते, आणि लाकडात तेल असल्यानं फेविकॉलची पकड पण कच्ची. पट्ट्या कमी पडल्या तर हेद बघ. पिवळसर, एकसारखं, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत.

आणि ते पुढचं टोक वगैरे काय म्हणतोस, आमच्याकडे त्याला नाळ म्हणतात आणि खालच्या कण्याला पठाण. जहाज बांधतोयस तर शब्द पण बांध की.

हुपरी_चांदीवाला

वॉलनटवर येतो. अर्धा मिमी म्हणजे लई पातळ, त्यात घासायला जेमतेम पाव मिमी हातात असतो. इथं पेपर सगळ्यात शेवटी. चिकटवून वाळलं की साधं दाढीचं नवीन ब्लेड घ्यायचं, दोन्ही हातांच्या बोटांत जरासं वाकवायचं आणि उभं धरून रेषांच्या दिशेनं ओढायचं, खरवडल्यासारखं. पेपरचा धूर निघतो तसा इथं कांद्याच्या पापुद्र्यासारखा कीस निघतो आणि पट्ट्यांच्या वरखाली कडा एका पातळीत येतात. आमचे एक सुतार काका हेच काम फुटक्या काचेच्या तुकड्यानं करायचे. ब्लेड बोथट झालं की कीस न येता पावडर येते, लगेच बदला. मग २४०, ३२० आणि पायजे तर ४००, प्रत्येकी चार-पाच हात, बास.

मागच्या बाजूला जिथं हल आत वळतो तिथं ना पट्टी पोचते ना ब्लेड. तिथं आम्ही दागिन्याला वापरतो तसल्या बारीक कानशी लागतात, गुजरीत सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात अर्धगोल, गोल, उंदराच्या शेपटीसारखी असा सेट मिळतो. नवीन कानस लाकडाला वापरा आणि ती धातूला वापरू नका, नाहीतर चांदीचा काळा कीस लाकडात शिरतो आणि मग निघत नाही, अनुभव आहे.

फेविक्विकनं पट्ट्या लावत असाल तर जपून. सांडलेला थेंब लाकडात मुरतो आणि तेवढ्या जागी पॉलिश धरत नाही, नंतर डोळ्यात खुपणारा फिकट डाग राहतो. शेवटी पॉलिशच्या आधी स्पिरिटचा बोळा अख्ख्या हलवरनं फिरवा, ओलं असेपर्यंत गोंदाचे सगळे डाग फिकट दिसतात. तेव्हाच खरवडून घ्या. आणि मास्क लावा बाबांनो, वॉलनटच्या धुळीनं मला तर दोन दिवस नाक गळत होतं.

पॉलिशवाली_शाहूपुरी

सीलरचं कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहिते. आमचं फर्निचर पॉलिशचं काम आहे, जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही एनसीच्या ऑर्डरी सरळ पुढं ढकलतो. पावसाचा संबंध आहे, शंभर टक्के. एनसीतला थिनर भसकन उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेत एवढा दमटपणा असला की त्या थंड झालेल्या थरावर पाणी धरतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम येतो ना तसं. ते पाणी थरात अडकलं की पांढरट धूर. तुकडा फेकू नका, कोरड्या दिवशी त्याच्यावर नुसत्या थिनरचा अगदी पातळ हात मारला तर बहुतेक वेळा परत पारदर्शक होतो. रिटार्डर नावाचा हळू उडणारा थिनर पण मिळतो, तो थोडा मिसळला की पांढरं पडणं कमी होतं, पण एवढ्या पावसात त्याच्या भरवशावर राहू नका.

काका आता चपडी (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) लाव म्हणून सांगणार हे मला माहितीय, सगळे पॅटर्नवाले चपडीचे भक्त.

पॅटर्नवाले_काका

व्हय, सांगणारच होतो. लिटरभर स्पिरिटला १०० ते १२५ ग्रॅम चपडी, रात्रभर भिजत ठेवायची, फडक्यातनं गाळायची. असा पातळ हात लाकूड पिऊन घेतं, दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, आणि पहिल्या हातानं लाकडाचे केस उभे राहतात ते ३२० नं अलगद कापले की दुसरा हात काचेसारखा बसतो. वाळूत दाबून काढायचे पॅटर्न वर्षानुवर्षं टिकलेत त्याच्यावर.

पॉलिशवाली_शाहूपुरी

काका तुमचं सगळं मान्य, पण तुमचा पॅटर्न भट्टीशेजारी कोरड्या शेडमध्ये वाळायचा. याच्या घरात कपडे वाळेनात. उघड्या बाटलीतलं स्पिरिट पण हवेतलं पाणी ओढतं आणि मग चपडी सुद्धा धुरकट होते. आत्ता लावायचंच असेल तर नवीन सीलबंद स्पिरिट, ताजी चपडी, आणि दुपारी जरा उघडीप असताना, बंद खोलीत, २०० वॅटचा बल्ब दोन फुटांवर लावून. स्पिरिट पेटतं म्हणून बल्बच्या जवळ बाटली नको, देवघर आणि गॅस तर लांबच.

माझं मत विचाराल तर वॉलनटला उकळलेल्या जवसाच्या तेलासारखं काही नाही. थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, फडक्यानं चोळायचं, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. रंग जो उठतो तो सीलरनं येत नाही. पावसात वाळायला तीन दिवस काय आठवडा लागेल, लागू दे. पण तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापून पेट घेतं ते, गंमत नाही, आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा भुशाच्या पोत्यातनं धूर निघालेला बघितलाय. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर दोरीवर पसरून टाका.

देवगडचो_पडाव

आमच्याकडे होडीला अजून काजूच्या टरफलाचं तेल लावतात. मॉडेलला लावू नकोस, हाताची सालटी निघतील.

रंकाळाकाठचा_खलाशी

तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

सँडर परत दिला. मेव्हणा म्हणाला एवढ्या लवकर झालं काम? मी म्हटलं झालं की.

पेन्सिलचा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा हादरलो. मला वाटलं होतं तीन-चार खड्डे असतील, निम्मा हल काळाच राहिला. डाव्या बाजूला चौथ्या आणि पाचव्या फ्रेमेच्या मधी पेन्सिल सहा वेळा मारली तरी जाईना, शेवटी तिथं दोन पट्ट्यांचे तुकडे एकावर एक बसवले. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, पेन्सिल, फूटपट्टी, पेन्सिल, फूटपट्टी. बायको म्हणते घरात शिसपेन्सिलीचा वास येतोय. पुठ्ठ्याचे साचे लावले तर उजवी बाजू मागच्या भागात जवळजवळ दीड मिमी बारीक निघाली, डोळ्याला मला ती उलट जाड वाटत होती.

धोतर मिळालं नाही, आजीच्या जुन्या नऊवारीचा सुती तुकडा मिळाला. नाळेजवळ (बघा, शब्द घेतला) आतनं दोन थर लावले. आता अंगठा दाबला तर हलत नाही. एक घोळ झाला, फेविकॉल जास्त पातळ केला होता, त्याच्या पाण्यानं बाहेरची एक पट्टी फुगून वर आली. ती वाळू दिली, परत बसली नाही, मग कापून नवीन घातली. तेवढी एकच.

पडाव यांचं ऐकलं. किटच्या माहितीत जहाज पाण्यात सोडल्याचं साल १७७७ दिलंय, म्हणजे खाली पांढराच. राखाडी प्रायमरचा पातळ हात परवा उघडीप मिळाली तेव्हा मारला. काकांनी पंधरा दिवस घासायला लावूनही प्रायमरमध्ये अकरा ठिकाणी सुईएवढ्या फटी दिसल्या. लांबी भरून ठेवलीय, वाळायची वाट बघतोय.

वॉलनटच्या तीन पट्ट्या चाचणीसाठी फळकुटावर लावून ब्लेडनं खरवडून बघितल्या, तो कीस निघतो ना, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, अगदी तसाच, नाद लागतो त्याचा. एकीला चपडी लावली, एकीला जवसाचं तेल, तिसरी तशीच ठेवली. दुपारी बंद खोलीत बल्ब लावून केलं, चपडी पांढरी पडली नाही. तेल मात्र पाचव्या दिवशी पण बोटाला चिकट लागतंय. रंग तेलाचाच भारी आहे हे कबूल, त्यामुळं हलला गणपती झाल्यावर ऊन पडेल तेव्हा तेलच लावीन म्हणतोय. काका रागावू नका.

एक राहिलंच. पाणरेषा हलवर आखायची कशी? जहाज आडवं ठेवून पट्टीनं आखली तर पोटाला वळण असल्यानं रेघ वरखाली जातेय.

पॅटर्नवाले_काका

रागवायचं काय त्यात. पण तेलाचा हात वाळला की वर चपडीचा एक पातळ हात दे, कुणाला सांगू नको.

पाणरेषा पट्टीनं आखायची नसते. जहाज स्टँडवर पाणरेषा सपाटीला येईल असं बसव, नकाशावर पुढची मागची उंची दिलेली असते ती मोजून. खाली सपाट काच किंवा कडप्पा घे. एका लाकडी ठोकळ्याला बरोबर त्या उंचीवर पेन्सिल आडवी बांध आणि ठोकळा कडप्प्यावरनं जहाजाभोवती सरकव. पेन्सिलचं टोक जिथं हलला टेकंल ती तुझी रेघ, पोट कसं का वळलेलं असंना. आम्ही याच कामाला हाइट गेज वापरायचो. माझा घरी पडून आहे, पायजे असला तर रविवारी सकाळी घेऊन जा, जहाज पण आण, बघायचंय मला.